पाचशे पावलांवरचं डुक्कर

मानवत,
१९ जानेवारी १९४०

अक्का,

तिळगूळ पोचला. माझ्या वाट्याला चार वड्या आल्या, बाकीच्या जिनिंगमधल्या लोकांनी संपवल्या. दाजींना नमस्कार सांग.

आज मुद्दाम लांब पत्र लिहितोय, कारण ही गोष्ट आबा असते तर त्यांनाच सांगितली असती. आमच्या जिनिंगचे मालक सोराबशेठ यांनी लढाई सुरू व्हायच्या आधी मुंबईहून एक रायफल मागवली होती. जर्मन बनावटीची, वर वीतभर दुर्बीण. शेठची नजर आता अधू झाली आहे. एकदा गंमत म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि तेव्हापासून दर शुक्रवारी, सुट्टीला, ते मला मोटारीतून माळावर नेतात.

आबांच्या दोननळी बंदुकीचा चाळीस पावलांपलीकडं भरवसा नव्हता. हिचं सगळं निराळं. लांबवर गोळी सरळ जात नाही अक्का, चूळ टाकल्यावर पाणी जसं वाकून खाली येतं तशी येते. चारशे पावलांवर ती दोन हात खाली उतरते. वारा असेल तर हातभर बाजूला सरकते. हे सगळं मनात धरून नेम जनावराच्या वर, वाऱ्याच्या अंगाला धरायचा. श्वास अर्धा सोडायचा आणि बोट असं दाबायचं की आपल्यालाही कळू नये.

गेल्या शुक्रवारी चारशे वीस पावलांवरून काळवीट पाडलं. मोजून पाहिलं. आवाज तिथं पोचायच्या आत ते पडलं होतं. कळपातल्या बाकीच्यांना काय झालं तेच कळेना, सगळे तसेच उभे. शेठ म्हणाले, असा हात त्यांनी हैदराबादेतही पाहिला नाही.

तुझा,
भुजंग

*

चुडावा,
२२ जानेवारी १९४०

चि. भुजंगास आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगा हुशारच आहे.

मला एक विचारायचं आहे. पडलेल्या काळविटाचं तू लिहिलंस. ज्यांच्यावर गोळी झाडली आणि जी पडली नाहीत ती किती? रागावू नकोस. तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. आबांनी एकदा एका काळविटाच्या पोटात छर्रे मारले आणि ते पळालं. आबा त्याच्या मागावर गेले ते दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आले. पायांत वहाणा नव्हत्या, तुटल्या होत्या. आई खूप बोलली. मास्तरच नाहीत म्हणून शाळा बुडाली, पोरांनी दिवसभर धुडगूस घातला. आबा म्हणाले, "सापडलं. संपवलं." आणि न जेवता झोपले. चाळीस पावलांवरून मारलेल्याचं हे झालं. चारशेवरून मारलेलं पळालं तर माग कुठून सुरू करायचा, हेही तुझ्या शेठना विचार.

असो. हुरडा आला आहे. येत्या शुक्रवारी ये. येताना आबांची बंदूक आण. रोज दिवस कलायच्या वेळी डुकरांचा कळप पलीकडच्या काठावर नदीवर येतो आणि रात्री पात्र ओलांडून आपल्या ज्वारीत शिरतो. सटवाजीनं बांधावर मचाण केलं आहे, तू तिथं बस.

तुझी अक्का

*

मानवत,
२९ जानेवारी १९४०

अक्का,

शुक्रवारी येणं जमलं नाही. कापसाच्या गाड्यांची रीघ लागली आहे, सुट्टीचंही बोलावणं आलं. हुरड्याची वाट बघितली असशील, माफ कर.

तू विचारलंस त्याचं उत्तर: हुकलेल्या गोळ्या मातीत जातात. त्या काय मोजायच्या? आणि डुकरांसाठी मचाणावर टिनाचा डबा बांधा. आवाजानं ती बुजतात.

भुजंग

*

चुडावा,
४ फेब्रुवारी १९४०

भुजंगा,

काल सकाळी आपल्या सटवाजीला डुकरानं फाडलं.

सटवाजी म्हणजे नुसता सालगडी नव्हे हे तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नाच्या वरातीतल्या गाडीचे बैल त्यानंच हाकले होते. ओढ्याकडच्या ज्वारीत तो कणसं आणायला गेला. ताटांच्या दाटीत बसलेलं डुक्कर हातभर अंतरावरून उठलं. उजवी मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उघडी पडली. त्याची बायको धुरपताबाई भाकरी घेऊन चालली होती, तिनं ओरडणं ऐकलं. तिनंच स्वतःचं लुगडं फाडून मांडी आवळून बांधली, म्हणून तो स्टेशनापर्यंत जिवंत पोचला. दुपारच्या गाडीनं हे त्याला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेले आहेत. पाय राहील का, डॉक्टर काही सांगत नाहीत.

गाडीत घालेपर्यंत तो शुद्धीवर होता. एकच सारखं म्हणत होता, "बाई, ते तीन पायावर चालायलंय. त्याला आदीच कुनीतरी जखमी केलंय." एखाद्या फासातून सुटलेलं असणार.

ते अजून त्याच ज्वारीत आहे. कुणी शेताकडं फिरकायला तयार नाही. आता तरी ये.

अक्का

*

मानवत,
६ फेब्रुवारी १९४०

अक्का,

पत्र आत्ताच मिळालं. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आबांची बंदूक घेऊन येतो. तोवर त्या ज्वारीत कुणीही जाऊ नये, गुरंसुद्धा सोडू नका. दाजींना निक्षून सांग.

कोणता पाय अधू आहे? मागचा की पुढचा? डावा की उजवा? पहिल्यांदा ते कुणाला आणि कोणत्या दिवशी दिसलं? सटवाजी आणखी काय म्हणाला? त्याची तब्येत कशी आहे ते कुणाच्या तरी हाती कळव, मला इथं काही सुचत नाही.

भुजंग

*

चुडावा,
१२ फेब्रुवारी १९४०

चि. भुजंगास अनेक आशीर्वाद,

तू गेल्यापासून गावात दुसरा विषय नाही. एकटा ज्वारीत शिरलास, आम्ही सगळे बांधावर उभे. एकच बार ऐकू आला आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं, डुक्कर अंगावर आलं म्हणतोस, मग भ्यायला होणारच. मारुतीपुढं तुला नारळ दिला तेव्हा धुरपताबाई रडत होती. "भाऊनं माझ्या कुकवाचा वैरी मारला," असं ती ज्याला त्याला सांगते. तुझं पत्र आलं तेव्हा किती बारीकसारीक विचारलं होतंस! मी ह्यांना म्हटलं, शिकार म्हणजे काय ते आबांच्या पोरालाच कळतं.

सटवाजीचा पाय वाचला. गुडघा मात्र वाकणार नाही.

१४ फेब्रुवारी. वरचं पत्र टाकायचं राहून गेलं होतं. काल लिंबाजी आला. डुक्कर त्यानंच सोललं होतं. मागची डावी मांडी सडली होती म्हणून त्यांनी ती पुरली, पण पुरायच्या आधी खुब्यातून त्याला एक गोळी मिळाली. तांब्याची दिसते म्हणून ठेवून घेतली होती. "बाई, ही भाऊच्या बंदुकीची न्हाई. भाऊची छातीत लागली. ही दुसरीच हाय, लांबुडकी." माझ्यापुढं ठेवून गेला. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, टोकाला चेपलेली.

आज स्टेशनावर गेले होते. पॉइंट्समन आश्रुबा म्हणाला, "भाऊ मागल्या म्हयन्यात बी आलते की, हुरड्याच्या टायमाला. संगं टोपीवाले शेठ, एक लांब पेटी. सांजच्या गाडीनं गेले. तुमच्या घरी न्हाई आले का?"

भुजंगा, मी अंदाज करत बसत नाही. तूच लिही.

अक्का

*

मानवत,
१७ फेब्रुवारी १९४०

अक्का,

गोळी माझीच आहे.

डुकरं रोज नदीवर येतात हे तू लिहिलंस आणि मी ते शेठना सांगितलं. सव्वीस तारखेला, शुक्रवारी, आम्ही दुपारच्या गाडीनं उतरलो. तुझ्या घराचं छप्पर तिथून दिसत होतं. शेठना संध्याकाळी परतायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला नवी रायफल घेऊन तुझ्यासमोर यायचं नव्हतं. तुझा प्रश्न खिशातच होता.

आम्ही उंच काठावर बसलो. कळप पलीकडं आला. शेठ म्हणाले, "पाँच सौ होगा. लगाता क्या, भुजंग?" मी एवढ्या लांबून कधीच मारलं नव्हतं. आमच्या पायाजवळचं गवत हलत नव्हतं. पलीकडच्या सिंदी मात्र हलत होत्या. ते मला दिसलं होतं, अक्का. नदीच्या पात्रात वारा आहे, किती आहे ते मला ठरवता येत नव्हतं. तरी बोट दाबलं. गोळी जाईपर्यंत डुकरानं पाऊल उचललं. मी ते पाऊलही पाहिलं.

डुक्कर मागच्या अंगावर बसलं. नंतर उठलं आणि तीन पायांवर गवतात गेलं. दुर्बिणीतून हाताच्या अंतरावर दिसावं तसं दिसलं. शेठना दुर्बीण नव्हती. त्यांनी विचारलं, "लगा?" मी म्हणालो, "नहीं सेठ, चूक गया."

पात्र ओलांडून जायला, रक्त बघायला, माग काढायला अंधार पडला असता. गाडी चुकली असती. शेठसमोर मान खाली गेली असती. यातलं नेमकं कोणतं कारण खरं, मला अजून सांगता येत नाही. पूर्णा स्टेशन येईपर्यंत माझी मलाच खात्री झाली होती की गोळी हुकली.

आता ज्वारीतलं. ते अंगावर आलं असं मी सांगितलं, ते खोटं. आधी वास आला. मग ते दिसलं, बारा पावलांवर. मागचा पाय लोंबत होता, खुब्याच्या जागी काळं काहीतरी होतं आणि त्यावर अळ्या होत्या. चौदा दिवस ते तसं जगलं होतं. सटवाजीवर धावायला जेवढा जोर लागला तेवढाच त्याच्यात उरलेला असावा. माझ्याकडं नुसतं बघत राहिलं. उठायला गेलं, उठता आलं नाही. बार झाल्यावर तुम्हाला जेवढा वेळ काही ऐकू आलं नाही, तेवढा वेळ मी तिथं खाली बसलो होतो.

बाहेर येऊन मी सांगणार होतो. पण धुरपताबाईनं पाय धरले, आणि मी नारळ घेतला.

तू दाजींना सांग, सटवाजीला सांग. जे म्हणाल ते मी करीन.

भुजंग

*

चुडावा,
२० फेब्रुवारी १९४०

भुजंगा,

मी नाही सांगणार. पाचशे पावलांवरून झाडलीस, आता माझ्या तोंडून सांगणार? ते तुझं तू सांगायचं.

तुला खूप बोलायचं म्हणून बसले होते. दोन कागद फाडले. कारण मी तुला लिहिलं त्यातही एक गोष्ट गाळली होती. त्या दिवशी सटवाजी जायला तयार नव्हता. "बाई, ओढ्याच्या अंगाला रगताचा वाळका डाग हाय, ताटं मोडलीत. आज नगं." असं तो म्हणाला होता. ह्यांचे परभणीचे पाहुणे हुरड्याला यायचे होते. मी म्हणाले, "अरे दहा कणसं आणायला काय होतंय? जा." तो गेला.

हे मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. काल नांदेडला जाऊन सटवाजीच्या खाटेजवळ बसून सांगितलं. तो म्हणाला, "मला ठावं हाय की बाई. मीच गेलतो न्हवं?" एवढंच. नंतर धुरपताबाईला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि डोळे मिटून पडला. त्याला तुझ्याबद्दल काहीही माहीत नाही. तुझी चौकशी करत होता.

खाट ओसरीच्या टोकाची आहे. या शुक्रवारी जा.

अक्का

*

मानवत,
२६ फेब्रुवारी १९४०

अक्का,

गेलो होतो. जसं झालं तसं लिहितो.

मला बघून सटवाजी उठून बसायला लागला. "भाऊ आले! धुरपते, भाऊला बसाया दे." मी बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. रायफल, नदी, डुक्कर, शेठना दिलेलं उत्तर, सगळं. धुरपताबाई ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसली.

सटवाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाचशे पावलं म्हंजी किती वो?"

मी ओसरीतून दाखवलं. रस्त्यापलीकडं एक मोठा लिंब आहे, त्याच्याही पुढं दर्ग्याची पांढरी भिंत. "त्या भिंतीपर्यंत."

तो बघत राहिला. भिंतीशी कुणीतरी बसलं होतं, बाई की बापई तेही कळत नव्हतं.

"मानूस वळखू येत न्हाई इतनं."

"दुर्बिणीतून येतो."

"मंग डुक्कर खाली बसलं ते बी दिसलं आसंल."

"दिसलं."

"आन् तरी हुकलं म्हनलाव."

"होय."

अक्का, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पांघरूण ओढून पायावर घेतलं आणि म्हणाला, "गोळी हुकती, भाऊ. गोफन हुकती, दगड हुकतो. त्याचं मला काय न्हाई. पर तुमी बाईच्या घरी येऊन येवढं म्हनला आसता, ज्वारीत जखमी जनावर हाय, तर म्या कशाला गेलो आसतो? अर्धा कोस बी न्हाई वो स्टेशनापासनं." मग खाटेलगतच्या भिंतीकडं तोंड केलं. "जावा आता."

धुरपताबाई ओसरीच्या दारापर्यंत आली. तिनं दार लावून घेतलं.

शेठना रायफल परत दिली आणि कारण सांगितलं. ते म्हणाले, "अरे, सूअर ही तो था." सटवाजीचं सांगितल्यावर मात्र त्यांनी पेटी बंद केली, आणि यापुढं शुक्रवारी मोटारीत यायला नको म्हणाले. मी आबांची बंदूकही पुढच्या साली परवान्याची मुदत संपली की सरकारात जमा करणार आहे. बंदूक या हातात नकोच.

ज्वारीची काढणी सुरू झाली असेल. सटवाजीच्या जागी माणूस लागेल. दर सुट्टीला मी येईन. विळा धरता येत नाही, पण शिकेन.

भुजंग

*

चुडावा,
८ डिसेंबर १९४०

चि. भुजंगास आशीर्वाद,

काढणी, मळणी, पेरणी, तू सगळ्याला आलास. पहिल्या सुट्टीला तुझ्या हाताला फोड आले तेव्हा गडी हसले, हेही मला आठवतं. सटवाजी या दहा महिन्यांत तुझ्याशी एक शब्द बोलला नाही, तेही मी दर सुट्टीला पाहिलं. मधे पडले नाही. धुरपताबाई मात्र पावसाळ्यापासून तुझ्या भाकरीवर ठेचा वाढायला लागली, ते तुझ्या ध्यानात आलं का, कोण जाणे.

काल सटवाजी ओसरीवर काठी टेकवून बसला आणि म्हणाला, "बाई, भाऊला पत्र लिवा. म्या सांगतो तसं लिवा, तुमचं काय घालू नगा." त्याचे शब्द तसेच देते:

"भाऊला सटवाजीचा राम राम. डुकरं पुन्ना यायलीत. आवंदा कळप मोठा हाय. ओढ्याकडचं चार काकऱ्या रान उकरलं. बाई म्हनत्यात की तुमी बंदूक सरकारात देनार. देऊ नगा. तुमच्या मनाला बरं वाटंल, पर डुकरं काय थांबत न्हाईत. मंग लोक पिठाच्या गोळ्यात सुतळी बाँब ठिवत्यात, जनावराचं तोंड फुटतं आन् ते धा दिस हिंडतं. ते काय बरं हाय का?

"आबाची बंदूक घेऊन या. दूरबीन नगं. मचान म्या खाली आनलंय, डुकरांच्या वाटंपासनं तीस पावलांच्या आत. चांदनं हाय तवर या. म्या तुमच्या संगं बसनार हाय.

"बार झाल्यावर तुमी लागलं म्हनलाव तर म्या माग काढीन. हुकलं म्हनलाव तरी म्या माग काढीन. माझ्याच्यानं जल्दी चालवत न्हाई. तवा तुमाला बी माझ्याच चालीनं चालावं लागंल."